लांबच्या उड्डाणाचं अंतर आणि वेळ: हिशेब नेमका कसा करायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंगापूर ते न्यूयॉर्क हे अंतर एका ठिकाणी ८,२८० दिसतं, दुसरीकडे ९,५३० आणि तिसरीकडे १५,३३५. वेळ कुणी १८ तास सांगतं, तिकिटावर पावणेएकोणीस तास निघतात, आणि परतीचा आकडा वेगळाच असतो. यातलं खरं काय धरायचं, आणि कुठल्याही दोन विमानतळांसाठी आपला आपण अंदाज कसा काढायचा?

मी फ्लाइट डिस्पॅचर आहे. विमान उडवत नाही. ते कुठल्या मार्गाने जाईल, किती इंधन घेईल, किती वाजता पोचेल हे सुटण्याआधी बसून ठरवायचं आणि हवेत असेपर्यंत त्याच्यावर डोळा ठेवायचा, हे माझं काम. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या पोटापाण्याचा आहे.

आधी ते तीन आकडे. तिन्ही बरोबर आहेत आणि तिन्ही एकच आहेत. पहिला सागरी मैलांत, दुसरा साध्या मैलांत, तिसरा किलोमीटरमध्ये. आमच्या धंद्यात सागरी मैल चालतात, ज्याला सगळे नॉटिकल मैल म्हणतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. नुसतं 'मैल' लिहिलेलं दिसलं की कुठला मैल हे आधी विचारायचं. निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

नॉटिकल मैलाची गंमत अशी की तो पृथ्वीवरूनच मोजून काढलेला आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, म्हणून एक अंश म्हणजे साठ. आता सिंगापूर–न्यूयॉर्क कागदावर करून बघा, कॅल्क्युलेटरसुद्धा लागत नाही. सिंगापूरचा चांगी विमानतळ १.३६ अंश उत्तर अक्षांशावर आणि जवळजवळ १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. न्यूयॉर्कचा जेएफके ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिम. रेखांशांतला फरक जवळजवळ १७८ अंश, म्हणजे दोन्ही विमानतळ पृथ्वीच्या जवळपास अगदी विरुद्ध बाजूंना. अशा वेळी सगळ्यात जवळची वाट उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जाते. जेएफकेपासून ध्रुव ९० वजा ४०.६४, म्हणजे ४९.३६ अंश. ध्रुवापासून चांगी ९० वजा १.३६, म्हणजे ८८.६४ अंश. बेरीज १३८. त्याला साठाने गुणलं की ८,२८० नॉटिकल मैल, म्हणजे १५,३३५ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे हे धरून काटेकोर गणित केलं तरी उत्तर याच्या वीसेक किलोमीटरच्या आत येतं.

सपाट नकाशा भिंतीवर लावून त्यावर पट्टी ठेवणाऱ्याला हे पटत नाही. त्याला सिंगापूरहून न्यूयॉर्कला जायला पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे जावं लागतं. उत्तरेकडे निघणं वेडेपणा वाटतो. गोलावर दोरा ताणून धरा, मग पटेल. त्या ताणलेल्या दोऱ्याला ग्रेट सर्कल म्हणतात, आपल्या पुस्तकांत बृहद्वृत्त. इतर जोड्यांसाठी अक्षांश-रेखांश घालून साइन-कोसाइनचं सूत्र वापरावं लागतं. ते कुठेही तयार मिळतं, इथे उतरवत बसत नाही. फक्त एक सावधगिरी: पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश यांना उणे चिन्ह द्यायला विसरू नका. जेएफकेचं ते चिन्ह गाळलं की न्यूयॉर्क किर्गिझस्तानात जाऊन बसतं. हसू नका, नव्या माणसांच्या तक्त्यात हे मी स्वतः पाहिलंय.

इथपर्यंतचं सगळं भूमितीचं, आणि ते कायमचं आहे. विमानतळ जागचे हलत नाहीत. पण या अंतराने कुठलंही विमान उडत नाही.

धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेला उडावं लागतं, मग वळायचं. उतरतानाही तेच, वारा उलटा असला तर विमानतळाला वळसा घालून पलीकडच्या टोकाकडून यावं लागतं. यात थोडेफार किलोमीटर जातात, लांबच्या प्रवासात ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. मोठे वळसे वेगळ्याच कारणांनी पडतात. तिबेटच्या पठारावरून सरळ जाणारी विमानं कमी दिसतात, त्यामागे ऑक्सिजन आहे. केबिनमधला दाब गेला तर विमानाला लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर उतरावं लागतं, कारण प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन काही मिनिटांपुरताच असतो. खाली जमीनच १५,००० फुटांवर असेल तर उतरायचं कुठे? समुद्रावर वेगळं बंधन आहे. दोन इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन बंद पडलं तर ठरलेल्या वेळात कुठला तरी विमानतळ गाठता आला पाहिजे. याला ईटॉप्स म्हणतात. १९८५ साली १२० मिनिटांची परवानगी मिळाली, मग १८० झाली, आणि आज एअरबस ए३५० ला ३७० मिनिटांपर्यंत मुभा आहे. दक्षिण गोलार्धातल्या सिडनी–सांतियागोसारख्या मार्गांवर, जिथे खाली हजारो किलोमीटर नुसतं पाणी आणि बर्फ आहे, तिथे या मिनिटांवरच वाट किती सरळ ठेवता येईल ते ठरतं.

आणि राजकारण. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश युरोपातल्या कंपन्यांना बंद झालं. हेलसिंकी–टोकियो हे उड्डाण साडेनऊ तासांच्या आसपास व्हायचं. ते एकदम १३ तासांच्या घरात गेलं आणि काही विमानं थेट ध्रुवावरून जाऊ लागली. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत, बृहद्वृत्ताचं अंतर एका मीटरने बदललेलं नाही. 'अमुक ते तमुक किती तास' असं सांगणारं पान जुनं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, ते यासाठी.

पण या सगळ्यापेक्षा मोठी गोष्ट वारा. आमच्या कामाचं मर्म तिथे आहे.

विमानाला जमीन ठाऊक नसते. ते ज्या हवेत आहे त्या हवेतून ते ताशी ९०० किलोमीटरने पुढे सरकतं, आणि ती हवा स्वतः सरकत असते. म्हणून आमच्या कागदावर दोन अंतरं असतात, जमिनीवरचं आणि हवेतलं. उदाहरण घेऊ. दोन विमानतळ ६,००० किलोमीटरवर आहेत आणि वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी १५० किलोमीटरचा वारा आहे. पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग १,०५० होतो, आणि ५ तास ४३ मिनिटांत पोचता. तेवढ्या वेळात विमान हवेतून फक्त ५,१४० किलोमीटर गेलं. परतताना वेग ७५०, पूर्ण ८ तास. हवेतलं अंतर ७,२०० किलोमीटर. तीच दोन शहरं, आणि विमानाच्या दृष्टीने जाण्यायेण्यात दोन हजार किलोमीटरचा फरक! इंधन आणि वेळ या हवेतल्या अंतरावर ठरतात, नकाशावरच्या नाही.

अनेकांना वाटतं की जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशेब सारखा. तसं होत नाही. वारा नसता तर जाऊन-येऊन १३ तास २० मिनिटं लागली असती; वाऱ्यात १३ तास ४३ मिनिटं लागली. कारण साधं आहे: उलट्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ घालवता, आणि अनुकूल वाऱ्यात कमी.

हा वारा म्हणजे जेट स्ट्रीम. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा अरुंद, वळणावळणाचा पट्टा. नेमक्या त्याच उंचीवर आमची विमानं उडतात. हिवाळ्यात तो जोरात असतो, उन्हाळ्यात ढिला पडतो. जपानजवळ तर हिवाळ्यात त्याचा जोर बघण्यासारखा असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून तो मोजला होता, पण जगाला त्याची खरी जाणीव दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांच्या वैमानिकांना उलट वाऱ्यात जागच्या जागी अडकल्यासारखं झालं तेव्हा झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर वादळ होतं तेव्हा एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं. एरवी त्या दिशेला सहा-साडेसहा तास लागतात. जमिनीवरचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, आणि तरीही विमानाने ध्वनीचा वेग ओलांडलेला नव्हता. हवेच्या तुलनेत ते नेहमीच्याच चालीने चाललं होतं.

म्हणून लांबचा रस्ता कधी कधी लवकर पोचवतो. याचं माझं आवडतं उदाहरण दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को. एअर इंडिया हे उड्डाण आधी अटलांटिककडून करायची, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० ने जास्त, आणि वेळ जवळपास दोन तासांनी कमी, साडेचौदा तास. पश्चिमेला असलेल्या शहराला पूर्वेकडून जायचं आणि वाऱ्यावर बसून जायचं. परत येताना अर्थात तीच वाट उपयोगाची नाही, कारण वारा समोरून येतो. तेव्हा अटलांटिकवरून पूर्वेकडेच निघायचं, आणि असं करत विमान पृथ्वीची प्रदक्षिणाच पूर्ण करतं. सिंगापूर–न्यूयॉर्कचंही तसंच. न्यूयॉर्कला जाताना बहुधा उत्तर पॅसिफिकवरून, आणि तिथून निघताना कधी ध्रुवाकडून, कधी अटलांटिक आणि युरोपवरून. त्या दिवशीचा वारा म्हणेल तसं.

सुरुवातीच्या वर्षांतला एक प्रसंग आठवतो. मी काढलेला मार्ग सरळ रेषेपेक्षा ३८० नॉटिकल मैलांनी लांब होता. कॅप्टन कागद घेऊन टेबलाशी आले, नकाशावरच्या फुगवट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, हा कुठला द्राविडी प्राणायाम?" मी दोन्ही मार्गांच्या वाऱ्याची ओळ पुढे केली. आमच्या फ्लाइट प्लॅनवर वाऱ्याचा सरासरी घटक एका अक्षरात आणि तीन आकड्यांत असतो: 'पी' म्हणजे प्लस, पाठीमागून, 'एम' म्हणजे मायनस, समोरून. सरळ मार्गावर होतं एम ०२१, लांबच्या मार्गावर पी ०३४. म्हणजे एकीकडे सरासरी २१ नॉटचा समोरून वारा, दुसरीकडे ३४ नॉट पाठीमागून. (नॉट म्हणजे ताशी एक नॉटिकल मैल.) त्यांनी बोट काढलं, सही केली आणि चहा मागवला. तेव्हापासून कुणी अंतर विचारलं की माझी नजर आधी त्या अक्षराकडे जाते.

उलटंही झालंय. एकदा पॅसिफिकवर अंदाजात दाखवलेला वारा प्रत्यक्षात दीडशे किलोमीटर उत्तरेला सरकला. विमान त्याच्या कडेने चालत राहिलं, दर टप्प्यावर दोन-तीन मिनिटं मागे पडत गेलं. अर्ध्या वाटेवर इंधनाचा आकडा बघून मी आणि वैमानिकांनी मिळून ठरवलं की मध्येच उतरून इंधन भरायचं. प्रवासी वैतागले, आणि त्यांच्या जागी मीही वैतागलो असतो. पण अंदाज तो अंदाजच. म्हणून तर कायद्याने जादा इंधन घ्यावं लागतं, आणि म्हणूनच मी पोचण्याची वेळ मिनिटापर्यंत छातीठोकपणे सांगणाऱ्या वेबसाइटकडे थोडं तिरकं बघतो.

मग जोरात का चालवत नाही, असं नेहमी विचारलं जातं. लांब पल्ल्याची आजची विमानं माक ०.८५ च्या आसपास चालतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. उणे ५६ अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी १,०६२ किलोमीटर, म्हणून विमान ९०३ च्या आसपास. हवा उणे ७० झाली तर त्याच माक आकड्याला वेग ८७५ वर येतो. थंड हवेत विमान खरंच थोडं सावकाश जातं, हे फार कुणाला ठाऊक नसतं. माक ०.८५ चं ०.८७ केलं तर १५ तासांच्या प्रवासात वीसेक मिनिटं वाचतात, आणि इंधन त्या मानाने बरंच जास्त जळतं. ते इंधन सोबत वाहून न्यायला आणखी इंधन लागतं. सिंगापूर–न्यूयॉर्कसाठीच्या ए३५० मध्ये १,६५,००० लिटर इंधन मावतं आणि आसनं फक्त १६१. इतकी कमी का, ते यावरून कळेल.

आता तिकिटावरची वेळ. ती हवेतली वेळ नसते. चाकांखालचे ठोकळे निघाल्यापासून ते दुसऱ्या टोकाला पुन्हा लागेपर्यंतचा तो काळ, आम्ही त्याला ब्लॉक टाइम म्हणतो. त्यात दोन्हीकडची टॅक्सी येते, म्हणजे विमानाचं जमिनीवर चाकांवर चालणं. मोठ्या विमानतळावर नुसतं धावपट्टीच्या टोकापर्यंत जायला वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. उतरण्याआधी हवेत घिरट्या घालण्याची शक्यता येते, आणि वर कंपनीने वेळेवर पोचल्याचं दिसावं म्हणून घातलेली थोडी गादीही येते. म्हणून विमान वीस मिनिटं उशिरा सुटतं आणि तरी वेळेआधी पोचतं. कॅप्टनने वाटेत उशीर भरून काढला असं प्रवाशांना वाटतं. बहुतेक वेळा तो वेळापत्रकातच भरून ठेवलेला असतो.

ब्लॉक टाइम स्वतः काढताना घड्याळाची चूक फार होते. समजा सिंगापूरहून रात्री ११:३० ला सुटून विमान दुसऱ्या दिवशी सकाळी ६:१५ ला न्यूयॉर्कला पोचतं. भिंतीवरचं घड्याळ धरलं तर पावणेसात तास! उन्हाळ्यात न्यूयॉर्क सिंगापूरच्या १२ तास मागे असतं, तेव्हा सकाळचे ६:१५ म्हणजे सिंगापूरचे संध्याकाळचे ६:१५. खरी वेळ पावणेएकोणीस तास. कुणी हिवाळ्यातला १३ तासांचा फरक धरला तर उत्तर तासभर फुगतं. आम्ही हे टाळायला सगळं यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत लिहितो आणि स्थानिक वेळ अगदी शेवटी काढतो. तुम्हीही तेच करा. काही देशांच्या वेळेत यूटीसीपासूनच्या फरकात वरचा अर्धा तास असतो, नेपाळच्या वेळेत तर पाऊण तास. आणि दिनांकरेषा ओलांडली की बुद्धी चक्रावते: जानेवारीत ऑकलंडहून रात्री ८ ला निघालेलं विमान सव्वाबारा तास उडून लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या सकाळी सव्वाअकराला पोचतं, म्हणजे निघण्याच्या आधीच.

घरबसल्या अंदाजासाठी माझी पद्धत सांगतो. बृहद्वृत्ताचं अंतर किलोमीटरमध्ये घ्या, ८५० ने भागा, अर्धा तास मिळवा. त्या अर्ध्या तासात चढणं-उतरणं आणि बारीकसारीक वळसे येतात. जोहान्सबर्ग–लंडन साधारण ९,०७० किलोमीटर आहे. उत्तर सव्वाअकरा तासांच्या जवळ येतं आणि प्रत्यक्षातही दोन्ही दिशांना अकरा-सव्वाअकराच्या आसपासच लागतात, कारण मार्ग उत्तर-दक्षिण आहे आणि वारा आडवा. पर्थ–लंडन १४,५०० किलोमीटर. साडेसतरा येतं, तेही जमतं. मार्ग पूर्व-पश्चिम असेल तर मात्र हात राखून बोला. पाच-सहा हजार किलोमीटरला पूर्वेकडे जाताना अर्धा ते पाऊण तास कमी करा, पश्चिमेकडे तेवढाच वाढवा, आणि हिवाळा असेल तर त्याहूनही थोडं. पुढच्या विमानाची जोडणी पकडायची असेल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि सरळ तिकिटावरचा ब्लॉक टाइम धरा.

नुसतं बृहद्वृत्त कधी लागतं? कागदोपत्री. युरोपीय संघात उशीर किंवा रद्द झालेल्या विमानाची भरपाई देणारा २००४ चा नियम १,५०० आणि ३,५०० किलोमीटरच्या टप्प्यांवर चालतो, आणि ते किलोमीटर बृहद्वृत्ताचेच. विमान त्या दिवशी किती वळसा घालून आलं, याच्याशी त्या नियमाला देणंघेणं नाही. उलट नोव्हेंबर २०१९ मध्ये लंडन–सिडनी असं न थांबता चाचणी उड्डाण झालं, तेव्हा बृहद्वृत्त १७,००० च्या आसपास असून विमान १७,८०० किलोमीटर उडालं आणि १९ तास १९ मिनिटांनी उतरलं. भरपाईचा अर्ज भरणाऱ्यासाठी पहिला आकडा, इंधन भरणाऱ्यासाठी दुसरा. माझ्या टेबलावर मात्र त्या दोन्हींच्या खाली तिसरा लिहिलेला असतो, हवेतल्या मैलांचा, आणि तो रोज नव्याने छापावा लागतो.